लुटारूचे जोडे

माझी पहिली नेमणूक राजस्थानात होती. आमच्या कार्यालयामागच्या वाळूत भटक्या टोळ्यांवरच्या एका सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. माणसं कमी पडली म्हणून मला धरून लुटारू केलं. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आलेला एकही पाहुणा ही गोष्ट ऐकल्याशिवाय परत गेलेला नाही. सुरुवातीला उंट एकच होता. आता चारशे आहेत, आणि सगळ्यांत पुढे माझा. आता उंट वाढतात त्याला मी काय करू?

परवा रविवारी मुलीचे होणारे सासू-सासरे यायचे होते. शनिवारी दुपारी तिने कुठूनसा तो सिनेमा शोधून टीव्हीवर लावला.

"बाबा, आज फैसला. तुम्ही दिसलात तर उद्या बिल्कुल सांगा. नाही दिसलात तर त्यांच्यासमोर उंट बंद."

मी ऐटीत बसलो. आणि बघतो तर टोळीतल्या एकूण एक माणसाचं तोंड फडक्यात गुंडाळलेलं, मे महिन्यातल्या दिल्लीच्या स्कूटरवाल्यांसारखं. एवढा देखणा मी, आणि त्या दिग्दर्शकाने माझे फक्त डोळे उघडे ठेवले होते.

"हा मी," मी एकाकडे बोट दाखवलं.

"अहो, मघाशी पांढऱ्या उंटावर होतात ना?" मटार सोलता सोलता बायको म्हणाली.

"उंट बदलला."

"आणि ही बाई आहे."

तासभर असा छळ चालला. मग हल्ल्याचा प्रसंग आला. टोळी तलवारी उपसून सरदाराच्या तंबूत धडाधड घुसली. सगळ्यांच्या मागून एक लुटारू पायी धावत आला आणि दारापाशी थांबला. त्याने तलवार काखेत धरली, जोडे काढले, पायानेच त्यांची टोकं बाहेरच्या बाजूला वळवली, ते तंबूच्या कडेला सरकवले आणि मग आरडाओरडा करत आत शिरला.

मुलीने तेवढाच तुकडा तीनदा लावला. मग उठून आमच्या दाराबाहेर डोकावली. माझ्या चपला तिथे तशाच, टोकं बाहेर करून, कडेला होत्या.

"यार बाबा, हे तुम्हीच."

"लुटायला गेलात, तिथेसुद्धा," बायको म्हणाली.

"पण उंट कुठाय?" मुलीने विचारलं.

"बाहेर बांधलाय. तंबूत कुणी उंट नेतं का?"

रविवारी मी तोंड उघडायच्या आत मुलीनेच तो तुकडा पाहुण्यांना लावून दाखवला. विहीणबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. त्या हसण्यातच मी घसा खाकरून उंटांकडे वळत होतो, तेवढ्यात व्याही पुढे झुकले आणि अगदी काळजीने म्हणाले, "जोडे परत मिळाले का हो तुम्हाला?"

तंबूबाहेर माझे चारशे उंट ताटकळत उभे, आणि ह्यांना जोड्यांची पडलीय.