फ्यूज काढलेल्या गाडीचा ब्रेक

आपला विश्वास मल्टीमीटरवर. अमरावतीत बडनेरा रोडला माझं गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं वर्कशॉप आहे. गाडीत भूत नसतं, वायर कुठंतरी घासलेली असते, असं मी गिऱ्हाइकांना सांगत आलोय. इथले भुताटकीचे किस्से वाचतानाही मनात तेच यायचं. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय…

मागच्या हिवाळ्यात देशमुख मॅडम त्यांची पांढरी गाडी घेऊन आल्या. राहणार भातकुलीला, नुकतीच अमरावतीच्या शाळेत बदली झालेली. गाडी त्यांच्या मिस्टरांची. ते वकील होते, रोज अमरावतीच्या कोर्टात यायचे. दोनेक महिन्यांपूर्वी हार्ट अटॅकनं गेले.

“भाऊ, ही गाडी आपोआप ब्रेक मारते,” मॅडम म्हणाल्या. “अमरावतीकडे येताना मध्ये एक फाटा लागतो ना, तिथं डावीकडे ओढते. स्टीअरिंग घट्ट धरून रेस द्यावी लागते, तेव्हा पुढे निघते.”

“रोज होते?”

“रोज नाही. आठवड्यातून एखाद-दोन वेळा. माझा भाऊ म्हणते, विकून टाक. पण…”

मला वाटलं, सोपी केस आहे. गाडी घसरायला लागली की ईएससी नावाची सिस्टीम स्वतःच एखाद्या चाकाला ब्रेक लावून ती सरळ करते. सेन्सरनं चुकीची खबर दिली, तर चांगल्या रस्त्यावरही ब्रेक लागू शकतो. स्कॅनर लावला तर एकही फॉल्ट दिसेना. चाकं उघडली. पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरची वायर जरा घासलेली सापडली… बघा, म्हटलं ना! वायर बदलली, स्टीअरिंगच्या सेन्सरला सरळ रेष कोणती ते पुन्हा शिकवलं, गाडी पार वलगावपर्यंत फिरवून आणली. मस्त चालली.

पण चार-सहा दिवसांत मॅडम परत हजर. चेहरा उतरलेला. “भाऊ, आज पुन्हा ओढली. मागून ट्रक होता. थोडक्यात वाचले.”

आता मलाच भीती वाटली. दोन महिन्यांपूर्वी नवरा गेलेली बाई, आणि माझ्या दुरुस्तीच्या भरवशावर गाडी चालवून राहिली! मी तिथल्या तिथं ईएससीचे दोन्ही फ्यूज काढले, एक ब्रेकला दाब देणाऱ्या पंपाचा, एक व्हॉल्व्हचा. आता साधा ब्रेक पायानं लागणार, पण गाडी स्वतःहून काही करूच शकणार नाही. मॅडमना म्हटलं, “तुम्ही आज अशाच घरी जा, हळू चालवा. शुक्रवारी सकाळी मी भातकुलीला येतो. येताना मीच चालवीन.”

शुक्रवारी निघालो. लख्ख ऊन, दोन्ही बाजूंनी तुरी, रस्ता मोकळा. मॅडम शेजारी. डॅशबोर्डवर ईएससीचा पिवळा दिवा पेटलेला, म्हणजे सिस्टीम बंद. फ्यूज माझ्या शर्टाच्या खिशात.

फाटा आला… आणि बॉनेटखाली पंप गुरगुरला.

तो आवाज मी ओळखतो हो. रोजचं काम आहे माझं. ब्रेकवर माझा पाय नव्हता, तरी पेडल खाली थरथरताना दिसत होतं. गाडी डावीकडे ओढायला लागली. मॅडमनी दाराचं हँडल गच्च पकडलं. मी मात्र रेस दिली नाही. म्हटलं, बघू तरी ही काय करते ते. गाडी अगदी अलगद बाजूला उतरली आणि कडुनिंबाखाली थांबली. एखाद्या माणसानं थांबवावी तशी.

झाडाखाली दगडावर एक म्हातारा बसला होता. चेहरा सुजलेला, पायही सुजलेले, चपलेत मावत नव्हते. काठीवर जोर देत तो उठला आणि खिडकीशी आला.

“साहेब कुठी हायेत?”

मॅडमना काही कळेना. “कोणते साहेब?”

“वकील साहेब. मंगळवारी आन् शुक्रवारी मले दवाखान्यात नेत. माह्यं डायलिसिस असते ना… तुमी कोन, बाई?”

मॅडमनी आपण कोण ते सांगितलं, आणि साहेब गेल्याचंही. म्हाताऱ्यानं खिडकीची कड धरली. मग हळूच म्हणाला, “मले मालूमच नाही. गाडी दिसे, पन थांबे नाही. मले वाटलं, साहेब रागावले माह्यावर. मंग हात कायले दाखवा… एस्टी भेटली तं जातो, नाही भेटली तं घरी वापस.”

मॅडम खाली उतरल्या. त्याला धरून मागच्या सीटवर बसवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी बसल्या. गुलाबराव त्याचं नाव. अमरावतीपर्यंत त्या फक्त विचारत होत्या, वकील साहेब गाडीत काय बोलायचे, गाणी लावायचे का… घरी त्यांनी यातलं कधी काहीच सांगितलं नव्हतं. आरशात मला दिसत होतं, दोघंही रडत होती आणि मध्येच हसत होती. दवाखान्यात नर्स गुलाबरावांवर चिडली, एवढे दिवस नागा केल्याबद्दल. आणखी एक पाळी चुकली असती तर अवघड होतं, म्हणाली.

मी वर्कशॉपला येऊन बॉनेट उघडलं. फ्यूजच्या दोन्ही जागा रिकाम्या. वायरिंग शेवटपर्यंत तपासलं. पंपाला करंट मिळेल अशी दुसरी वाटच नव्हती. ओळखीच्या एका सीनियर इंजिनिअरला विचारलं, तो म्हणाला, तुला भास झाला असेल. मॅडमनाही तोच भास, त्याच जागी?

फ्यूज परत बसवले. तेव्हापासून ईएससीनं एकदाही त्रास दिलेला नाही. मॅडम मंगळवारी आणि शुक्रवारी गुलाबरावांना घेऊनच येतात.

मध्यंतरी सर्व्हिसिंगला आल्या तेव्हा मी विचारलं, “मॅडम, पुन्हा ओढली नाही ना कधी?”

“नाही. एकदम ठीक आहे.” मग खालच्या आवाजात, “भाऊ… तुम्ही दुरुस्त करताना तिच्यातून काही काढून तर नाही टाकलं ना?”

मी नाही म्हणालो. आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.