ताईची गिऱ्हाईकं

एका माणसाचं ऑफिस रिकामं करायचं म्हणून मी सॉफ्टवेअर लिहायला बसले. कुणी विचारलं की मी छोट्या दुकानदारांची सोय वगैरे सांगते. ते खोटं नाही, पण ते नंतरचं. आधी राग.

तो माणूस म्हणजे माझा साहेब. नगरमध्ये त्याची लहानशी कंपनी होती. गिऱ्हाइकांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर दुकानदारांना महिन्याच्या भाड्यानं द्यायचं, हा धंदा. दुकानदार मोबाईलवर गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, काय नेलं ते भरणार आणि ते सगळं जाऊन बसणार साहेबाच्या सर्व्हरवर. मी दुकानोदुकानी जाऊन ते बसवून द्यायचे, शिकवायचे, काही बिघडलं तर कोडही मीच दुरुस्त करायचे. साहेब गोड बोलायचा. इतका, की मुंग्या लागाव्यात.

केडगावात माझ्या ताईचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दाजींचं काम कधी असतं, कधी नसतं. घर चालतं ते या दुकानावर. साहेब एकदा माझ्याबरोबर तिथं आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही घरच्याच. तुम्हाला फुकट." ताई हरखली. दुपारच्या निवांत वेळी बसून तिनं आपल्या सगळ्या बायका त्यात भरल्या. आता तिची एक पद्धत आहे. आमच्याकडं एका गल्लीत एकाच नावा-आडनावाच्या दोन-तीन बायका सहज निघतात. नावावरून तिला काही आठवत नाही, अंगावरून आठवतं. म्हणून नावाच्या रकान्यात तिनं लिहिलं: डावा खांदा उतरता. पाठीला पोक. दंड जाड. कापायला बसलं की तिला एवढंच लागतं, आणि वाचणार होती ती एकटीच.

लग्नसराईच्या तोंडावर नगरात साड्यांचं एक मोठं शोरूम उघडलं, शिलाईसकट. आणि केडगावातल्या बायकांच्या मोबाईलवर मेसेज आले. "प्रिय डावा खांदा उतरता, आपल्या सौंदर्याला साजेसे ब्लाऊज आता आमच्याकडे." एकीला, "प्रिय पाठीला पोक". शाळेतल्या एका मॅडमला, "प्रिय पोट सुटलंय हुक पुढं".

हे सांगितलं की लोक पोट धरून हसतात. मीही हसले असते. पण त्या मॅडम मोबाईल काउंटरवर ठेवून दुकानात उभ्या होत्या आणि ताई तो मेसेज परत परत वाचत होती.

"इतकी वर्षं तुझ्यासमोर मापाला उभी राहिले मी," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या मनात हे होतं होय?"

"मॅडम, ते मापासाठी हुतं वो," ताई म्हणाली.

मॅडमनी शिवायला टाकलेलं कापड उचललं आणि गेल्या. त्या आठवड्यात बाकीच्याही आल्या, आपापली कापडं परत न्यायला. कुणी भांडल्या, कुणी काहीच बोलल्या नाहीत. न बोलणाऱ्यांचं ताईला जास्त लागलं. ऐन सीझनमध्ये तिनं एका मशिनीवर कापड झाकलं आणि दुसरीवर फॉल-पिको करत बसली. तेही येईल तेवढंच.

ही यादी साहेबाशिवाय कुणाकडंच नव्हती. मी त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. त्यानं नाकारलंसुद्धा नाही. "अगं, सगळेच विकतात. आणि तुझ्या बहिणीला फुकट दिलं होतं ना? मग?"

त्याच्या पुढ्यातला चहा त्याच्या अंगावर ओतावा असं फार वाटलं. ओतला नाही, कारण तेवढ्यानं माझं भागणार नव्हतं. पर्स उचलली आणि नोकरी तिथंच सोडली.

माझं सॉफ्टवेअर अगदी साधं. दुकानातल्याच जुन्या कॉम्प्युटरवर बसायचं, दुकानातल्याच वायफायवर मोबाईलला दिसायचं, इंटरनेट गेलं तरी काही अडायचं नाही. रोजची एक कॉपी पेनड्राइव्हवर आणि पेनड्राइव्ह मालकाच्या गल्ल्यात. नावाचा रकाना वेगळा, ओळखीचा वेगळा, आणि ओळखीतलं एक अक्षरही मेसेजमध्ये जाणार नाही अशी सोय. तेवढा भाग मी दात-ओठ खात लिहिला.

साहेबाचे दुकानदार मला तोंडपाठ होते. स्कूटी काढली आणि निघाले. चष्म्याचं दुकान, मिक्सर दुरुस्ती, रोपवाटिका. साहेबाला कुठंही शिव्या दिल्या नाहीत, त्याची गरज पडली नाही. श्रीरामपूरला एक पंपसेटवाले काका होते. त्यांना विचारलं, "काका, तुमची गिऱ्हाईकं कुठं ठेवलीत?"

"ही काय, मोबाईलमदी."

"मग इंटरनेट बंद करा आणि दाखवा."

काकांनी बंद केलं. बोटानं बरंच चाचपलं. "न्हाई दिसत."

"कारण ती नगरला आहेत, साहेबाकडं." मग ताईचं काय झालं ते सांगितलं.

"म्हंजी आमची मानसं त्याच्या घरात, आन वर भाडं आमीच भरायचं व्हय?" काकांनी तिथल्या तिथं साहेबाला फोन लावला. त्यांनी जे सुनावलं ते मी बाहेर स्कूटीवर बसून शेवटपर्यंत ऐकलं. पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

पुढं साहेबाचा मला फोन आला. गोडवा पार उतरला होता. "तू माझ्या पोटावर पाय देतेयस."

"मग?" मी म्हटलं.

वर्षभरातच त्याच्या ऑफिसवर भाड्यानं देण्याची पाटी लागली. समोरच्या गाड्यावर उसाचा रस घेऊन मी ती पाटी सावकाश वाचली, आणि रस अजून एक ग्लास मागवला. लोक म्हणतात सूड घेऊन समाधान मिळत नाही. मला मिळालं. पण ताईची झाकलेली मशीन झाकलेलीच होती. थोड्या बायका परतल्या, मॅडम नाही.

परवा मी ताईच्या दुकानात बसले होते. एक बाई भारी रेशमी कापड घेऊन आली, भावाचं लग्न होतं म्हणे. मी तिला पाहताक्षणी ओळखलं. दसऱ्याला ऑफिसच्या पूजेला ती साहेबाशेजारी बसायची. साहेबाची बायको. तिनं मला ओळखलं नाही. हाताखालच्या माणसांकडं कोण बघतं? ताईनं माप घेतलं आणि नंबर विचारला.

"नंबर नाही देणार मी," ती म्हणाली. "आमच्या ह्यांनी बजावून ठेवलंय. दुकानात नंबर द्यायचा नाही, लोक विकतात."

ताईला ती कोण ते ठाऊक नव्हतं. "बराबर सांगत्यात," ती म्हणाली. "नका देऊ."

मला मात्र राहवलं नाही. "घरी गेल्यावर त्यांना एवढंच विचारा, हे तुम्हाला कसं माहीत?"

बाईनं माझ्याकडं नीट पाहिलं. आता ओळखलं असावं. चेहरा उतरला, चप्पल पायात घातली न घातली आणि ती गेली. कापड काउंटरवरच राहिलं.

"कोन गं ही?" ताईनं विचारलं. मी सांगितलं.

"घाल कात्री," मी म्हटलं. "कुठंही घाल." आणि मी ते मनापासून म्हणत होते.

ताईनं कापड टेबलावर पसरलं. त्याच्यावरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिली. मग खडू उचलला.

"न्हाई," ती म्हणाली. "असा ब्लाऊज शिवती की हिला दुसऱ्या कुनाचा अंगाला बसायचाच न्हाई. दर सणाला हितंच यील. आन दर बारीला त्याला घरात माझं नाव ऐकावं लागंल."