ताटाला तेरा लिटर

मावशी चिडली की आधी गप्प व्हायची. मोरीतल्या पाचही बायकांना हे पाठ होतं. ती बडबडत असेल, शिव्या घालत असेल तोवर सगळं आलबेल. गप्प झाली की मान खाली घालून हात चालवायचे. त्या सोमवारी ती तब्बल अर्धा तास गप्प होती.

सातशे माणसं बसतील असं ते सभागृह. पुढं काचेचे दरवाजे आणि रंगीत दिव्यांचं कारंजं, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागं मोरी. मोरीत सिमेंटचा लांबलचक ओटा, तीन टब आणि छताला टेकलेल्या मांडणीत स्टीलची चौदाशे ताटं. गेली बावीस वर्षं हे राज्य मावशीचं. पहारेकऱ्यापासून व्यवस्थापकापर्यंत सगळे तिला मावशी म्हणत, आणि पाठीमागं बायका हवालदार म्हणत. तेही तिला माहीत होतं. वर तिला ते आवडायचं.

तिची पद्धत ठरलेली होती. ताटातलं खरकटं आधी रबरी पट्टीनं कोरडंच काढायचं, ते रोपवाटिकेच्या खतात जायचं. मग पहिला टब साबणाचा, दुसरा साध्या पाण्याचा, तिसरा कढत. तिसऱ्याचं पाणी गढूळ झालं की ते दुसऱ्यात, दुसऱ्याचं पहिल्यात, आणि कढत पाणी तेवढं नवं. नळ उघडायचा तो फक्त टब भरायला. एखादीनं वाहत्या नळाखाली ताट धरलंच तर मावशी ओरडायची, "तुझ्या बापाची नदी आहे का गं?" ही पद्धत तिला कुणी शिकवली नव्हती. एका उन्हाळ्यात टँकर आले नाहीत, तेव्हा तीनशे ताटं कशी धुवायची या काळजीतून तिनंच ती काढली होती.

आणि त्या सोमवारी व्यवस्थापकसाहेबांनी तिला बोलावून सांगितलं की मोरी बंद होणार. कारण काय, तर मोरी पाणी खाते!

झालं होतं असं. येत्या शनिवारी सभागृहात मोठी परिषद होती. विषय, निसर्गाला त्रास न देता समारंभ कसे करावेत. त्यासाठी नेमलेली नियोजक मुलगी महिनाभर हातात पाटी धरून फिरत होती. बायकांनी तिचं नाव आकडेबाई ठेवलं होतं, कारण तिला सकाळी चहा विचारला तरी ती मिलिलिटरमध्ये सांगेल अशी. तर या आकडेबाईनं एका समारंभाच्या दिवशी मोरीचं मीटर सकाळी वाचलं, संध्याकाळी वाचलं, वजाबाकी केली आणि सातशे ताटांनी भागलं. ताटाला तेरा लिटर! अहवालात तसं छापूनही टाकलं. उपाय म्हणून दूरदेशाहून कुजणाऱ्या ताटांचे चाळीस खोके मागवले, एकदा वापरून फेकायची ताटं. कुजणारी ताटं कशात गुंडाळून आली होती? प्लास्टिकमध्ये. स्टीलची ताटं परिषदेनंतर भंगारात जाणार होती, आणि बायका घरी.

"तेरा लिटरमध्ये मी माझं अख्खं घर पुसते," धाकटी जाऊ म्हणाली. तीही मोरीतच कामाला होती. मावशी काहीच बोलली नाही.

बोलली ती घरी, नवऱ्यापाशी. नवरा त्याच सभागृहात नळकाम करायचा, आता गुडघे गेल्यामुळं घरात बसून शेजाऱ्यांच्या तोट्या दुरुस्त करत होता. त्यानं सगळं ऐकलं, तोटी खाली ठेवली आणि डोकं खाजवलं.

"अगं, तेरा लिटर लागतीलच की. त्या मीटरवर कारंजंही आहे."

"काय?"

"कारंज्याला पाणी तुमच्या मोरीच्या लाइनीतूनच काढलंय. साहेबांना वेगळं मीटर नको होतं, उद्घाटनाची घाई होती. आणि त्याच्या टाकीला तळाशी चीर आहे. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"कुणी काढली लाइन?"

"मीच."

"अहो, तुम्ही? आणि हे मला आज सांगताय? गळतंय त्यांचं कारंजं आणि पाणी खाते मी! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोरखंड वळून दिला माझ्याच नवऱ्यानं!" त्या रात्री नवऱ्याला भाजी आळणी मिळाली आणि तो निमूटपणे जेवला.

बुधवारी सभागृहात दोनशे माणसांचं जेवण होतं. मावशीनं सकाळीच कारंज्याची चावी बंद केली आणि आकडेबाईचं मनगट धरून तिला मीटरपुढं उभं केलं. "वाचा." तिनं वाचलं. मग दोनशे ताटं धुऊन होईपर्यंत मावशीनं तिला स्टुलावर बसवून ठेवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. "आता वाचा." अडीचशे लिटर. ताटाला सव्वा लिटर.

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. "मावशी, चूक माझी आहे. मी आत्ता साहेबांना सांगते."

पाव तासानं ती परत आली, खाली बघत. "साहेब म्हणतात अहवाल छापून झालाय, ताटं आलीत. पुढच्या वर्षी दुरुस्त करू."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

तिनं हातातली पाटी छातीशी धरली.

"म्हणजे काहीच म्हणाला नाहीत. छान! कागद वाया जाईल म्हणून जीव तुटतो आणि पाच बायका वाया गेल्या तर चालतंय. पोरी, एवढं शिकलीस, त्यात तोंड उघडायला कुणी शिकवलं नाही का?"

शनिवारी साहेबांनी मावशीला हिरवा पट्टा घालून कचऱ्याच्या डब्यांपाशी उभं केलं. पाहुण्यांनी कुठलं ताट कुठल्या डब्यात टाकायचं ते सांगायचं. जिनं बावीस वर्षांत डबा भरू दिला नाही, तिला डबे भरून घ्यायचं काम! मावशीनं पट्टा काढून खुर्चीवर टाकला आणि मोरीत जाऊन जावेला म्हणाली, "काढ ताटं."

साहेब आत प्रमुख पाहुण्यांच्या पुढंपुढं करण्यात गुंतले होते. बायकांनी जेवणाच्या रांगेच्या तोंडाशी स्टीलच्या ताटांच्या चळती लावल्या. कुजणारी ताटं रस्सा पडला की वाकायची. पहिल्या दहा जणांचे कपडे बघूनच पुढच्यांनी स्टीलकडं हात घातला. सहाशेवर ताटं खरकटी होऊन मोरीत आली आणि पाचही जणी कामाला भिडल्या.

मोरीत एक जुना कर्णा होता, आत काय चाललंय ते कळावं म्हणून बसवलेला. त्यातून साहेबांचा आवाज आला. "सांगायला अभिमान वाटतो की भांडी धुण्याची जुनी, पाणीखाऊ पद्धत आपण आजपासून कायमची बंद केली आहे. दर जेवणामागं नऊ हजार लिटर पाणी वाचणार आहे!"

आणि टाळ्या. कडकडाट, थांबेचना. याच माणसांची उष्टी ताटं या बायकांच्या हातात होती. पाच जणींतल्या थोरल्या बाईनं हातातलं ताट तसंच ओट्यावर ठेवलं आणि तोंडाला पदर लावला. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओल्या ॲप्रनसकट, हातात ताट घेऊन ती मधल्या वाटेनं तडक सभागृहात शिरली.

"वाजवा, वाजवा!" ती ओरडली. "तासाभरापूर्वी याच ताटात जेवलात ना? जेवताना गोड लागलं, आणि आता हेच भंगारात निघालं म्हणून टाळ्या? पाणी आम्ही नाही खाल्लं. पाणी त्या दारातल्या कारंज्यानं खाल्लं, ज्याच्यासमोर उभे राहून सकाळी तुम्ही फोटो काढलेत! खोटं वाटत असेल तर या मागं, वाचा मीटर. एकानं तरी या!"

साहेब माइकवरून "मावशी, मावशी, प्लीज" म्हणत राहिले. सातशे माणसांतून कुणी हललं नाही. मग मंचाच्या कोपऱ्यातली आकडेबाई उठली.

"मीटर मी वाचलंय," ती म्हणाली. "अहवालातला आकडा चुकीचा आहे. त्यात कारंज्याचं पाणी धरलं गेलंय. ताटाला सव्वा लिटर लागतं. आणि हे मला बुधवारपासून माहीत आहे."

प्रमुख पाहुण्या पाहुण्यांमधल्या सगळ्यात वयस्कर बाई होत्या. प्रकाशनासाठी हातात दिलेल्या अहवालाची फीत त्यांनी अर्धी सोडली होती. ती त्यांनी तशीच सोडून दिली, अहवाल साहेबांच्या हातात ठेवला आणि जागेवर जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला रिकाम्या गाडीनं परत गेला. साहेबांनी मावशीला खोलीत बोलावलं, पण बस म्हटलं नाही. मोरी राहील, ते म्हणाले. ताटं राहतील, बायका राहतील. तुम्ही मात्र उद्यापासून येऊ नका. भर सभेत माझी अब्रू घेतलीत.

"अब्रू तुमची गेली, साहेब," मावशी म्हणाली. "नोकरी माझी कशी गेली?"

साहेबांनी टेबलावरची फाईल उघडली.

ती मोरीत आली. जाऊ ओटा घासत होती, डोळे सुजलेले. मावशीनं कमरेची मोरीची किल्ली काढून तिच्या ओल्या मुठीत कोंबली.

"जाऊबाई, मी नाही घेणार ही. आम्ही सगळ्याच सोडतो काम."

"गप्प बस! सोडायचंच होतं तर मी कशाला घसा फोडला?" मावशीचा आवाज चिरकला, तशी ती आणखी जोरात ओरडली. "नीट ऐक. तिसऱ्या टबातलं पाणी गार होऊ दिलंस तर एकाच घरात राहतेस हे लक्षात ठेव. आणि त्या थोरलीवर नजर ठेव, मी नाही बघून नळ सोडते ती."

थोरलीनं घाईघाईनं नळ बंद केला.