राजुऱ्याचं विमान आणि माझा फलक

पंच्याऐंशी सालच्या मे महिन्यात, शेवटच्या रविवारी सकाळी साडेदहाला, राजुऱ्याच्या एका मोटार-मिस्त्रीवर अन्याय झाला. तो सरकारनं केला नाही, खाणीच्या साहेबांनीही नाही. मी केला.

मिस्त्रीभाऊंनी सहा वर्षं खपून एका माणसापुरतं विमान बांधलं होतं. इंजिन भंगारातलं, वाऱ्यानं थंड होणारं. मागच्या सिलिंडरांना वारा पोचेना, म्हणून तेलाचे डबे कापून पत्र्याचे आडोसे बसवलेले. वारा नाकातून आत, सिलिंडरांमधून पार, पोटाखालच्या फटीतून बाहेर. उडवायचा परवाना नव्हता; पडीत शेतात नुसतं पळवून दाखवायचं होतं. तालुक्यात तंत्रशाळा काढा, ही आमच्या संघटनेची मागणी. इथले हात काय करतात, त्याचा हा पुरावा.

आम्हाला फलकाशिवाय सभा करता यायची नाही. मी तो विमानाच्या पोटाशीच ताणून बांधला.

"बाई, ते कापड सोडा. गरम हवा तिथूनच निंगते."

"काऊन भाऊ? लोकाईले मागणी दिसू द्या की."

"मागणी मले मंजूर हाये, इंजिनाले नाई. तुमाले घाम येते, त्याले येत नाई."

लोक हसले. मीही हसले. फलक तसाच राहिला.

गर्दी जमावी म्हणून इंजिन मीच सुरू करायला लावलं. जागेवर उभ्या इंजिनाला वारा आधीच कमी, त्यात ती फट बंद. मी भोंग्यावर बोलतच होते. मिस्त्रीभाऊंनी खुणेनं विचारलं, बंद करू? मी हात वर केला: थांबा, इतक्यात नको. सभा माझी, म्हणून ते थांबले. जळका वास आला, आत काहीतरी करकरलं आणि पंखा अडकला. इंजिन गेलं.

पुढच्या पत्रकात मी लिहिलं, "कारागिराच्या चुकीनं इंजिन जळलं, म्हणूनच प्रशिक्षण हवं." मागणीला ते वाक्य छान जुळलं. पत्रक पार कुरखेड्यापर्यंत वाटलं. गिऱ्हाइकं दुकानात येऊन विचारू लागली, "भाऊ, आमची बी गाडी जाळता का?" विमानाला मिस्त्रीभाऊंनी पुन्हा हात लावला नाही.

खूप उशिरा मी माफी मागायला गेले. पाना पुसत ते म्हणाले, "बाई, छापलेलं लोक वाचते. तोंडचं कोण आयकते?"

म्हणून हे छापते आहे. ते पत्रक तुमच्या घरी असेल तर 'कारागिराच्या' हा शब्द खोडा आणि तिथं 'फलक बांधणारीच्या' लिहा. आणि त्या दुकानात जाऊन तुम्ही हसला असाल, तर हे पान स्वतः नेऊन त्यांच्या हातात द्या.