मुशीत घातलेली तलवार

मला त्याला हरवायचं होतं, एवढंच. खेळाची आवड वगैरे नंतरची. हे असं लिहिणं बरं दिसत नाही, पण खरं तेच आहे.

सांगलीच्या हॉस्टेलवर आलो त्या पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये नव्या मुलांची ओळख होती. एकेकानं उभं राहून बोलायचं. माझं गाव विट्याच्या बाजूला. दोन दिवस मी वाक्यं पाठ करत होतो. उभा राहिलो आणि ती सगळी निसटली. तोंडातून निघालं, "आमच्या घरात कॉलेजला आलेला मी पयलाच हाय."

हे वाक्य मी आईच्या तोंडून उचललं होतं. ती दारात येईल त्याला असंच सांगायची.

माझ्याच खोलीत राहणारा, एक वर्ष पुढचा मुलगा समोर बसला होता. साताऱ्याचा, आईवडील दोघंही शिक्षक. तो हात जोडून उठला आणि हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाला, "पयलाच हाय वं, सांभाळून घ्या!" सगळी मेस हसली. वाढणाऱ्या मावशीही हसल्या. मावशी माझ्यासारख्याच बोलायच्या, म्हणून ते जास्त लागलं.

त्या दिवसापासून सगळे मला 'पयला' म्हणू लागले. मी वर्गात बोलायचं सोडून दिलं. उत्तर येत असलं तरी वहीत लिहून गप्प बसायचो.

हॉस्टेलची मुलं मोबाइलवर एक खेळ खेळायची. त्यात राक्षसांनी भरलेलं राज्य आणि त्यात आपलं एक पात्र. लढाया जिंकल्या की पॉइंट मिळायचे, ते ताकद, चपळाई, दम, ढाल असे कुठेही घालता यायचे. साताऱ्याच्या त्या मुलाचा जादूगार होता. तो लांबूनच आगीचे गोळे फेकायचा, आणि अख्ख्या हॉस्टेलमध्ये त्याला कुणी हरवलं नव्हतं.

मी योद्धा घेतला. मिळेल तो प्रत्येक पॉइंट ताकदीत घातला. लेक्चर संपलं की कट्ट्यावर बसून राक्षस मारायचो, आणि खरं सांगायचं तर प्रत्येक राक्षसाला मी त्याचाच चेहरा द्यायचो. दोन महिन्यांनी माझ्या योद्ध्याचा एक घाव कुणालाही पुरे झाला असता. तलवारही मुरली होती. जितकी वापराल तितकी तिची धार वाढायची.

मग मी चूक केली. खेळात एक लोहाराची भट्टी होती. तलवार समोर धरली की विचारायची, वितळवायची का? मी क्षणभरही थांबलो नाही. माझे वडील आणि दोन्ही चुलते तमिळनाडूत गलाईच्या दुकानात आहेत. जुना दागिना मुशीत घालायचा, वितळवायचा, मळ जाळायचा आणि चोख सोनं काढायचं, हेच आमच्या घरी पिढ्यान्पिढ्या चाललंय. वितळलेली वस्तू आधीपेक्षा चांगलीच होऊन निघते, यावर माझा डोळे झाकून विश्वास. मी 'होय' दाबलं. हातात लोखंडाचा एक गोळा आला. दोन महिन्यांची धार गेली.

तो खोलीतच होता. माझा फोन बघून गादीवर लोळत हसला. "अरे पयल्या, तलवार वितळवलीस? आता काय, त्याची कढई करणारेस?"

मी संडासात जाऊन रडलो. हे पहिल्यांदाच कुठे लिहितोय.

रविवारी वडिलांचा फोन आला. आवाजावरून त्यांना कळलं. मोबाइलचा खेळ त्यांना कसा समजावणार? पण मी सांगितलं, तलवार वितळवली आणि नुसतं लोखंड हाती आलं.

"कसोटीवर घासून कस बघितलास व्हय आधी?"

"न्हाई, आप्पा."

"मग? डोळं झाकून मुशीत टाकायला ते काय गवत हाय?" मग म्हणाले, "आन् एक ध्यानात ठेव. सोनं तेजाबात, त्या ॲसिडात, टाकायच्या आधी त्यात चांदी मिसळावी लागती. नुसत्याला तेजाब धरतच न्हाई, मळ आतच ऱ्हातो. पयलं हलकं करायचं, मग चोख हुतं."

त्यांनी हे सोन्याबद्दल सांगितलं होतं. मी मात्र योद्ध्याचे आकडे उघडून बसलो. ताकद शेवटपर्यंत भरलेली, दम जवळजवळ शून्य, ढाल तर कधी उचललीच नव्हती. जादूगारापर्यंत पोचायच्या आत तो जळून मरणार, हे मला इतके दिवस दिसलं कसं नाही? मी पॉइंट मोकळे करून निम्मी ताकद काढली. ती दमात आणि ढालीत घातली. योद्धा बघायला अगदी सामान्य दिसू लागला. नवी तलवारही साधीच होती.

सत्र संपत आल्यावर मी त्याला म्हणालो, "खेळायचं का? हरेल त्यानं मेसमध्ये उभं राहून जिंकणारा सांगेल ते बोलायचं."

"तू सांगणार मला?" तो हसला. "चालेल की, पयल्या."

शनिवारी दुपारी टीव्हीच्या हॉलमध्ये पंधरावीस जण जमले. त्यानं आगीचे गोळे फेकायला सुरुवात केली. माझा योद्धा ढाल धरून चालत राहिला. धावला नाही, उलटा वार केला नाही. पोरं ओरडली, "अरे मार की!" मी ऐकलं नाही. अर्ध्याहून जास्त जीव गेला तेव्हा मी त्याच्यासमोर होतो. त्याचे गोळे संपले होते. मग मी मारलं. चार घाव पुरले असते, मी सहा घातले.

त्याच दिवशी जेवताना तो उभा राहिला. मी सांगितलेलं वाक्य होतं, "आमच्या हॉस्टेलात हरलेला मी पयलाच हाय."

त्यानं हात जोडले, मान हलवली आणि पहिल्या दिवशीच्याच नकलेच्या आवाजात ते म्हटलं. मेसमध्ये हशा पिकला. टाळ्या पडल्या. तो हरला होता आणि सगळे हसत होते ते मात्र पुन्हा माझ्या आईच्या बोलण्याला. मी जिंकून काय मागितलं, हे मला तेव्हा कळलं.

माझा हात भाकरीवर थांबला. मी म्हणालो, "परत म्हण."

त्यानं परत म्हटलं. हसू थोडं कमी झालं.

"परत."

"झालं की रे आता."

"अट जिंकणारा सांगेल ते बोलायची हाय. परत."

मी 'हाय' म्हणालो, आणि कुणी हसलं नाही. तिसऱ्यांदा त्यानं हात जोडले नाहीत. चौथ्यांदा नकलेचा आवाज गेला, नुसतं वाक्य उरलं. पाचव्या वेळी मेसमध्ये ताटांचाही आवाज नव्हता. त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं होतं की त्याची दया येईल. आली नाही.

"बस," मी म्हणालो. तो खाली बसला.

मावशींनी न विचारता माझ्या ताटात आमटी वाढली. मी जेवलो.