आमच्या घरातल्या तिघी विसरभोळ्या

डॉक्टर प्रश्न माझ्या मुलीबद्दल विचारत होते, पण उत्तरं देताना माझा नवरा माझ्याकडे बघत होता.

"हातातलं काम अर्धवट टाकून दुसरंच काहीतरी सुरू करते का?"

"हो," तो म्हणाला, आणि त्याची मान माझ्याकडे वळली.

"वस्तू हरवतात?"

"रोज."

"समोरचा बोलत असताना मध्येच दुसरीकडे कुठे तरी निघून जाते? मनाने?"

आता त्याला हसू आवरेना. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आपण नक्की कोणाबद्दल बोलतोय?"

मलाही हसू आलं. मुलगी तेवढ्यात टेबलावरच्या प्लास्टिकच्या मेंदूचे भाग सुटे करून बघत होती. तिने मान वर करून विचारलं, "मम्मी, मी काही चुकीचं केलं का?" हा प्रश्न ती त्या वर्षी फार विचारायला लागली होती. म्हणून तर आम्ही शहाद्याहून नंदुरबारला आलो होतो. ती चौथीत होती. बाई म्हणायच्या, हुशार आहे, पण खिडकीबाहेर बघत बसते, गणित अर्ध्यात सोडते, डबा शाळेतच विसरते. घरी आम्हीही तेच म्हणायचो. आणि एका संध्याकाळी ती अंथरुणाची घडी घालता घालता थांबली आणि म्हणाली, "माझं डोकं खराब आहे ना?" दुसऱ्या दिवशी मी चौकशी सुरू केली. कोणीतरी सांगितलं, सुरतेचे एक डॉक्टर दर बुधवारी नंदुरबारला येतात, मनाचे, मुलांनाही बघतात.

जाताना प्रकाशा गावाजवळच्या पुलावरून तापीचं पाणी बघत मी स्वतःची समजूत घालत होते, की तिथे आपल्यासारखं कोणी नसेल, ओळखीचंही कोणी भेटणार नाही. प्रत्यक्षात तिथे बसायला जागा नव्हती. धडगावकडून आलेली एक पावरा आदिवासी बाई मुलीला मांडीत घेऊन भिंतीशी बसली होती. खुर्ची सरकली की तिची मुलगी दोन्ही कान दाबून धरायची. नंदुरबारचेच एक मुस्लिम गृहस्थ तरुण मुलाला घेऊन आले होते. मुलगा सारखा एकच वाक्य म्हणत होता आणि वडील प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं "हां बेटा" म्हणत होते. पावरा बाईला मराठी जेमतेम येत होतं, मला तिची भाषा अजिबात येत नव्हती. माझी मुलगी उठली, गळ्यातला स्कार्फ काढला आणि त्या छोटीच्या कानांवरून गुंडाळला. छोटीने हात खाली घेतले. तिची आई माझ्याकडे बघून हसली. स्कार्फ तिथेच राहिला. हरवलेल्या वस्तूंपैकी ही एकच अशी, जिच्यासाठी मी रागावले नाही.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, एडीएचडी. मग सोप्या शब्दांत समजावलं. मेंदूची घडण वेगळी असते. लक्ष नसतं असं नाही, लक्ष हवं तिथे धरून ठेवता येत नाही. एखादी गोष्ट आवडली तर तासन्‌तास त्यात बुडून जातात, आणि न आवडलेली गोष्ट, कितीही ठरवलं तरी, हातून होत नाही. "प्रत्येक शाळेत अशी मुलं असतात," ते म्हणाले. "दंगा करणारी लवकर लक्षात येतात. मुली गप्प बसून स्वप्नं बघतात, म्हणून त्या राहून जातात. मोठ्या होतात, लग्न होतं, आई होतात, आणि एक दिवस मुलीला घेऊन माझ्यासमोर येऊन बसतात." नंतर त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणी?"

मला विचार करावाच लागला नाही. "माझी माय," मी म्हणाले.

माझ्या मायबद्दल आमच्या कुळात एक किस्सा प्रसिद्ध आहे. मी पाच वर्षांची असताना ती मला शहाद्याच्या एसटी स्टँडवर विसरून बसमध्ये बसून निघून गेली. ती माहेरी, खापरला निघाली होती. कडेवर तान्हा भाऊ, हातात पिशवी आणि लाडवांचा डबा. मला या प्रसंगातलं फारसं काही आठवत नाही. पण तो ऐकून ऐकून पाठ झालाय. प्रत्येक लग्नात, साखरपुड्यात, बारशाला माझी फुई, म्हणजे वडिलांची मोठी बहीण, तो सांगायची. "पोरले स्टँडवर भुली गयी! आनि लाडूना डबाबी बसमा भुली गयी!" सगळे हसायचे. माय त्या वेळी नेमकी पाणी आणायला उठायची.

किस्सा तेवढ्यावरच थांबला असता तर गोष्ट वेगळी. माय दहावी झालेली होती. तेव्हा आम्ही लोणखेड्याजवळच्या गावी राहायचो, आणि तिथे अंगणवाडी सुरू होणार होती. गावातली पोरं एरवीही आमच्याच ओट्यावर असायची, कारण माय त्यांना गोष्टी सांगायची. गोष्ट सांगता सांगता तिला दुसरी सुचायची, त्यातून तिसरी, आणि मूळ गोष्टीतला वाघ कुठल्या कुठे राहून जायचा. पोरांना चालायचं. तिने अर्ज केला होता. तेव्हा घरात कोणीतरी म्हणालं, जिला स्वतःची पोर सांभाळता आली नाही तिच्या हाती लोक आपली लेकरं देतील का? मायने अर्ज मागे घेतला. त्यानंतर ती एकटी बसने कुठेही गेली नाही.

हे मला वडिलांनी सांगितलं, नंदुरबारहून आल्यानंतर. मी शहाद्यात माझ्या घरी न जाता आधी माहेरच्या घरी गेले. वडील साखर कारखान्यातून निवृत्त झालेत. अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होते. मी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं, तेव्हा नळी हातात धरून ते ऐकतच राहिले आणि झाडाच्या आळ्यातून पाणी वाहून फाटकापर्यंत गेलं.

"मला नाव माहीत नव्हतं," ते म्हणाले. "पण ती मुद्दाम करत नाही, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं."

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. किल्ली मायच्या साडीच्या टोकाला रोज सकाळी ते स्वतः बांधून द्यायचे. दूध तापवायचं काम लग्नापासून त्यांचं. बाजारात जायचं तर ते चार गोष्टी सांगायचे नाहीत, एकच सांगायचे, ती आणून झाली की दुसरी. आम्हाला वाटायचं, बाप फार शिस्तीचा माणूस. एकत्र घर सोडून त्यांनी शहाद्यात दोन खोल्या घेतल्या, त्याही यासाठीच. "तिथे तिला सारखं कोणी ना कोणी बोलायचं," ते म्हणाले. "बोलणं ऐकलं की ती आणखी चुकायची."

"तुम्ही तिला कधी सांगितलं नाही, की तुमच्या लक्षात आलंय?"

"काय सांगणार? तुझ्यात काहीतरी कमी आहे, असं?" त्यांनी नळ बंद केला. "आता तू सांग तिले. तू शिकेल शे."

शिकलेली आहे खरी, मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. पानांच्या शिरांवर दोन तास बोलू शकते, आणि बोलता बोलता पुढच्या तासाची मुलं दारात येऊन उभी राहतात. पण मायला हे कसं सांगावं, ते मला सुचत नव्हतं. शेवटी मी मुलीचंच सांगितलं. माय शेंगा सोलत बसली होती. तिने सगळं ऐकलं. टरफलं शेंगदाण्यांच्या ताटात आणि दाणे टरफलांच्या सुपात पडायला लागले, तेव्हा मला कळलं की ती फार लक्ष देऊन ऐकतेय.

"आनि हाई मायकडथून लेकीकडे येस?" तिने विचारलं.

"बऱ्याचदा येतं."

"म्हंजे मन्हाकडथून उनं."

"हो. माझ्याकडून तिच्याकडे, तुझ्याकडून माझ्याकडे."

मला वाटलं, तिला वाईट वाटेल. तिने ताटातलं एक टरफल उचलून सुपात टाकलं. मग अगदी हळू म्हणाली, "मंग हाऊ मन्हा आळस नव्हता?"

"नव्हता, माय."

"मी लई ध्यान द्यायची गं," ती म्हणाली. शहाद्यात आल्यापासून तिची भाषा अशी अर्धी इकडची, अर्धी तिकडची झालीये. "सगळ्यांपेक्षा जास्ती द्यायची. तरी ते हातातून सुटून जायचं."

पुढच्या खेपेला ती आमच्याबरोबर नंदुरबारला आली. डॉक्टरांशी ती एकटीच बोलली, आम्ही बाहेर बसलो. काय बोलली ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. गोळ्या मात्र नको म्हणाली. या वयात आता काय, म्हणाली. येताना बसमध्ये ती आणि माझी मुलगी एका बाकावर बसल्या आणि केळीच्या बागा सुरू झाल्यापासून शहादा येईपर्यंत दोघी एकाच वेळी बोलत होत्या. कोण कोणाचं ऐकत होतं, देव जाणे.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. जेवणं आटोपली होती, बायका पान खात बसल्या होत्या. माझी मुलगी हातातला आइस्क्रीमचा कप कुठेतरी ठेवून आली आणि तो शोधायला लागली. फुई हसली. "आजीवर गयी पोर. तुले माहीत शे का, तुन्ही आजी तुन्ही मायले स्टँडवर भुली गयी व्हती?"

मी मायकडे बघितलं. ती पाणी आणायला उठली नाही.

"पुढचं मी सांगते," ती म्हणाली.

मुलगी तिच्यापुढे येऊन बसली. आणि मायने, माझ्या आठवणीत पहिल्यांदा, एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ सांगितली.

गर्दी होती. जागा धरायची म्हणून ती भावाला घेऊन आधी चढली, मला बाकावर बसवून. परत खाली उतरून मला घ्यायचं, असं डोक्यात होतं. तेवढ्यात भाऊ रडायला लागला, कोणीतरी तिची पिशवी सरकवली, एका बाईने वाद घातला, आणि बस सुटली. तळोद्याच्या रस्त्याला लागल्यावर कंडक्टर आला. ती म्हणाली, "एक फुल, एक हाफ." कंडक्टर म्हणाला, "हाफ कुठंय?"

"तो शब्द मन्हा कानमा आजबी शे," माय म्हणाली.

ती ओरडली. बस थांबेपर्यंत दारात जाऊन उभी राहिली. दोन्ही बाजूला ऊस, मध्ये रस्ता, आणि कडेवर पोर घेऊन ती मागे पळायला लागली. एका चपलेचा अंगठा तुटला तशा तिने दोन्ही फेकून दिल्या. उन्हाळा होता, डांबर पाघळलेलं. केळीचा एक टेम्पो थांबला, त्यातून ती स्टँडवर आली. मी तिथे बांगड्या विकणाऱ्या एका मुस्लिम बाईच्या मांडीवर बसलेली होते, दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या. रडत नव्हते. त्या बाईने मायला शेजारी बसवलं, तिच्या पायांवर पाणी ओतलं आणि म्हणाली, "रो मत. आ गई ना तू."

"घरी हे कोणी विचारलंच नाही," माय म्हणाली. "मी भुलले कशी, तेच विचारलं. आले कशी, ते कोणी नाही."

मला मायचे पाय आठवत होते. दोन्ही तळव्यांना चकाकणारी, ताणलेली कातडी होती. लहानपणी मी ती बोटाने चाचपायची आणि विचारायची, हे काय? ती म्हणायची, पोळलं होतं. कशाने, ते तिने कधी सांगितलं नव्हतं.

फुईने पदराने डोळे पुसले की चष्मा, कळलं नाही. माझी मुलगी मात्र आजीला बिलगून विचारत होती, "मग त्या बांगड्या दिल्या का परत?"

यानंतर सगळं बदललं, असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे अजून दूध उतू जातं. मुलीला शाळेत आता खिडकीपासून लांब, बाईंच्या जवळ बसवतात, आणि गणितं थोडी थोडी करून देतात. काही दिवस बरे जातात, काही दिवस ती दप्तर भिरकावून रडते. मी रागावते, मग स्वतःचीच किल्ली शोधताना गप्प होते. पण "मी काही चुकीचं केलं का?" हा प्रश्न तिने बऱ्याच दिवसांत विचारलेला नाही.

साखरपुड्यानंतर काही आठवड्यांनी, मी मायकडे गेले असताना, माझ्या फोनवर फुईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तिने विचारलं,

"तो नंदुरबारना डॉक्टर कोठे बठस वं?"

तिचा थोरला मुलगा पन्नाशीला आलाय. किती नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. बायको माहेरी गेलेली. आम्ही सगळे त्याला बेजबाबदारच म्हणत आलो होतो. फुई म्हणाली, तो लहानपणी शाळेतून येताना चपला विसरून यायचा, आणि ती त्याला मारायची. "मी लई मारं त्याले," एवढं म्हणून ती रडायला लागली.

मी फोन मायकडे दिला. माय ऐकत राहिली. तिने किस्सा काढला नाही, इतक्या वर्षांचं काही काढलं नाही. म्हणाली, "रडू नका बाई. बुधवारे चाला. मी येस तुमनासंगे."

बुधवारी सकाळी वडिलांनी किल्ली बांधून द्यायला हात पुढे केला, तर ती म्हणाली, राहू द्या, घरात तुम्ही आहातच. स्टँडवर सोडायला येतो म्हणाले, तर त्यालाही नको म्हणाली. संध्याकाळी दोघी नणंद-भावजय फुईच्या मुलासह परत आल्या, ओल्या लाल मिरच्यांची मोठी पिशवी घेऊन. बाजारात मिरची स्वस्त दिसली म्हणून घेतली होती. घरभर शिंका सुरू झाल्या. फुईचा मुलगा ओट्यावर बसून मिरच्यांची देठं खुडत होता आणि माझी मुलगी त्याच्या शेजारी. दोघांनी अख्खी पिशवी संपवली, मध्ये एकदाही न उठता.