मढच्या खडकावर मी काय पाहिले

"मामांनी मढला जाऊन तासभर एका दगडाकडे टक लावली आणि घरी येऊन त्यालाच ऑक्टोपस म्हटलं. मी स्वतः ओहोटीला जाऊन पाहून आलोय. मामा सांगतात तसा खडक तिथं नाही, डबकं नाही, आणि ऑक्टोपस तर नाहीच नाही."

माझा भाचा सदानंद, मुक्काम घाटकोपर, सध्या नात्यातल्या घराघरांत हे ऐकवीत फिरतो आहे. ऐकणारे हसतात, त्याची बायको सुमनसुद्धा. माझा मुलगा प्रदीप मात्र हसला नाही. त्याने मला समोर बसवले आणि म्हणाला, "अण्णा, यापुढे एकट्यानं बाहेर पडायचं नाही. डोळे गेलेत की डोकं, ते डॉक्टर ठरवतील." ज्या माणसाने गिरणीच्या रंगखात्यात उभी हयात काढली, एकाच निळ्याच्या सतरा छटा नुसत्या नजरेने वेगळ्या केल्या, त्याच्या डोळ्यांवर हा आरोप आहे. तो मान्य केला तर मुलुंडच्या आमच्या घराचा उंबरठा ओलांडणे मला कायमचे बंद होईल. म्हणून जे घडले ते क्रमाने लिहितो.

अमावास्येनंतरची द्वितीया होती, वार सोमवार. पहाटे घर सोडले. रिक्षाने घाटकोपर, तिथून मेट्रोने वर्सोवा आणि पुढे धक्का. पलीकडे मढ, मधली खाडी होडीने ओलांडायची. पण पाणी इतके उतरले होते की होडीचे काठाकडचे टोक चिखलातच रुतून बसलेले. तिच्यापर्यंत फळ्या टाकल्या होत्या. फळीवरून माझा डावा पाय घसरला आणि चप्पल चिखलाने गिळली. होडीवाल्याने ती काढून दिली आणि म्हणाला, "आजोबा, देवदर्शन की शूटिंग?" मढचे बंगले चित्रीकरणासाठी भाड्याने जातात हे मला ठाऊक होते. "दोन्ही नाही. मुलुंडहून आलोय, समुद्र बघायला," मी म्हणालो. "मग मुलुंडला काय, खाडी नाय?" मी चप्पल झटकून पायात घातली.

किनाऱ्यावर पहिला गोंधळ झाला, आणि तो मी लपवीत नाही. वाळूत काचेसारखे गोल गोळे पडले होते. मी त्यांना प्लास्टिकच्या पिशव्या समजून काठीने बाजूला सारीत होतो. जवळच सुकट पसरणारी एक कोळीण ओरडली, "ओ बाबा, हात नका लावू! मेली तरी चावते ती!" त्या जेलीफिश होत्या. त्यानंतर जे खरोखर प्लास्टिक होते त्याला वळसा घालून मी अदबीने पुढे गेलो. कोळीण खो खो हसली. सदानंदाला हा प्रसंग मीच सांगितला होता. त्याने तो मीठ-मसाला लावून वापरला.

पुढे काळे खडक पार आतपर्यंत उघडे पडले होते. त्यांच्या खोबणींत पाणी साचून लहानमोठी डबकी झाली होती. एका डबक्यात जांभळे फूल फुललेले दिसले. काठीची सावली पडताच ते मिटले. एक शंख चालू लागला. वाकून पाहतो तर आत भाडेकरू खेकडा. कोणाला वनस्पती म्हणावे, कोणाला प्राणी आणि कोणाला घर, हेच मला कळेनासे झाले.

अगदी टोकाला, पाण्यालगत, परातीएवढे एक डबके होते. त्यात शेवाळलेला एक दगड. मी चष्मा पुसला, कारण दगड श्वास घेत होता. मग त्याचा रंग उतरला. भिजलेल्या कापडावरून कच्चा रंग धुऊन जावा तसा तो करडा झाला, लगेच विटकरी, मग असा एक रंग की ज्याचे नाव मला आजही सांगता येत नाही. माझ्या आयुष्यात मला नाव न देता आलेला तो एकच रंग. एक भुजा उलगडली, तिच्या तळाशी वाट्यांची रांग दिसली, आणि दुसऱ्या क्षणी समोर पुन्हा दगड. तोच की शेजारचा, हे मी शपथेवर सांगू शकत नाही.

तेवढ्यात काही पर्यटकांना किनारा दाखवीत एक तरुण बाई आल्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, असे त्यांनी सांगितले. मी म्हणालो, "बाई, इथे आत्ता ऑक्टोपस होता."

"होता कशाला, अजूनही असेल," त्या म्हणाल्या. सगळे वाकले. सगळ्यांना दगडच दिसले.

"काका, नक्की पाहिला ना?" एका पर्यटकाने विचारले. त्या क्षणी माझाही धीर सुटला होता, हे नमूद करतो.

बाईंनी सांगितले ते असे. याच्या कातडीत रंगाच्या बारीक पिशव्या असतात. त्या ताणल्या की रंग पसरतो, आवळल्या की नाहीसा होतो. हृदये तीन. रक्त निळे, कारण त्यात तांबे. हे मला पटले. मोरचुदाचा निळा मी हाताळला आहे. मज्जातंतूंचा मोठा भाग भुजांत असतो, म्हणजे हात डोक्याला न विचारताही चाचपडतात. जेलीफिशला तर मेंदूही नाही आणि हृदयही नाही.

"आणि गंमत म्हणजे," त्या म्हणाल्या, "त्याच्या डोळ्यांना आपल्यासारखे रंग ओळखता येत नाहीत, असं मानतात."

"मग शेड जुळवतो कशी?" माझा आवाज चढला.

"ते अजून पुरतं कळलेलं नाही, काका."

असा कारागीर आमच्या खात्यात असता तर मुकादमाने पहिल्याच दिवशी काढला असता. आणि तो मात्र बिनचूक जुळवतो! मी तिथेच ओल्या खडकावर बसलो. पाणी वळले तेव्हा बाईंनीच हाताला धरून मला उठवले.

परतताना होडी चिखलातून सुटून डुलत होती. मी मुलुंडला जेवणवेळेपूर्वी सुखरूप पोहोचलो. कोणाचीही मदत न घेता, हे प्रदीपने ध्यानात घ्यावे. वाटेत एकच विचार होता. नजरेचे प्रमाणपत्र मी जन्मभर इतरांना दिले. ते आता मला कोण देणार?

पुढच्या रविवारी दुपारी सदानंद थेट मढहून आमच्या घरी आला. हातात मासळीची पिशवी, आत बांगडे. भर स्वयंपाकघरात, सून आणि प्रदीप यांच्यासमोर त्याने साक्ष दिली. खडक नाही, डबके नाही, जिकडेतिकडे पाणी. "आणि ओहोटी होती हां, मोबाइलवर बघूनच गेलो होतो," असे त्याने दोनदा बजावले. मी चष्मा काढून पुसू लागलो. तोच सर्वांनी माझा कबुलीजबाब समजला.

ओहोटी होती, हे मी नाकारीत नाही. पण आमचे मूळ गाव कोकणात, खाडीकाठी. तिथे पोर चालायला लागण्याआधी शिकते की ओहोटी ओहोटीत फरक असतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी दूरवर हटते आणि टोकाचे खडक उघडतात. अष्टमीच्या सुमारास भांग (मंद भरती-ओहोटी). पाणी ना धड चढते, ना धड उतरते, आणि ते खडक ओहोटीतही बुडालेलेच राहतात. घाटकोपरात वाढलेल्या सदानंदाला मोबाइलने वेळ सांगितली, तिथी सांगितली नाही.

आता तो म्हणेल, मामा तिथीही मनाची सांगतात. त्याने हातातली पिशवी माझ्या सुनेपुढे ठेवताना काढलेले शब्द प्रदीपने ऐकले आहेत, सुनेने ऐकले आहेत, आणि मीही ऐकले आहेत: "वहिनी, बांगडे तुमच्याकडेच करा, आज दुर्गाष्टमी, सुमनचा उपास आहे, आमच्या घरी मासळी शिजायची नाही."